धाप न लागलेली लावणी

आमच्या पिंपळनेरच्या जुन्या घराला तीन पायऱ्या होत्या. पहिलीवर कोणीही उभे राहावे, दुसरीवर ओळखीच्या माणसाने, आणि तिसरी ओलांडून ओट्यावर कोणाला घ्यायचे हे आजी ठरवीत असे. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. यात्रेचे दिवस होते. पांझरेच्या काठाकडे मोकळ्या जागेत तमाशाचा तंबू लागला होता, आणि दुपारच्या वेळी त्या फडातल्या दोन बायका पाणी मागत आमच्या दारात आल्या. एक कोवळी होती, दुसरी चाळिशीच्या घरातली. दोघींच्याही डोळ्यांत आदल्या रात्रीचे काजळ पसरलेले. आजीने त्यांना खालून वर एकदा पाहिले आणि म्हणाली, "आठेच बठा, माय. पानी लई येस." आठेच म्हणजे पहिल्या पायरीवर.

घरात रेडिओ चालू होता आणि नेमकी त्याच वेळी सुलोचना चव्हाणांची लावणी लागली. आमच्या आजीची ही फार आवडती बाई. देवपूजा, निवडणे-टिपणे आणि सुलोचनाबाई या तीन गोष्टींत तिला व्यत्यय खपत नसे. पाण्याचा तांब्या हातात घेऊन ती उंबरठ्यात थांबली, कारण ओळ अर्धी होती. पायरीवरची ती मोठी बाईसुद्धा मान कलती करून ऐकत होती. ओळ संपली तशी ती आपल्या सोबतिणीला म्हणाली, "बघ, एक अक्षर सांडत नाही बाईचं. आपला अर्धा शब्द धापेत जातो."

मग आजीने वरून धार धरली, त्या दोघींनी ओंजळ करून पाणी प्यायले आणि त्या गेल्या. लावणी मात्र आत माजघरात चालूच होती.

त्या गोष्टीला आता तिसाहून जास्त वर्षे झाली. सुलोचनाबाई 10 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत गेल्या. त्यांच्याविषयी त्या वेळी जे जे लिहून आले ते बहुतेक मी वाचले. 'लावणीला त्यांनी प्रतिष्ठा दिली', 'लावणी त्यांनी घराघरांत नेली', असे सगळीकडे होते आणि ते खोटे नाही. पण मला प्रत्येक वेळी ती पायरी आठवली. घरात नेमके काय गेले आणि बाहेर काय राहिले, याचा हिशेब कोणी मांडलेला दिसला नाही. तो माझ्या कुवतीप्रमाणे मांडून पाहावा म्हणून हा लेख. मी संगीतातली जाणकार नाही. मॅट्रिकनंतर चित्रकलेची पदविका घेतली आणि तेव्हापासून मुलांना रेघा काढायला शिकवते. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. राग-तालाची चिकित्सा माझ्याकडून होणार नाही. शब्द कसा उच्चारला जातो एवढे मात्र मला कळते, आणि सुलोचनाबाईंच्या बाबतीत तेवढे पुरते असे माझे मत आहे.

सुलोचनाबाई मूळच्या कदम. 1933 साली मुंबईत जन्मल्या आणि गिरगावातल्या फणसवाडीत वाढल्या. चाळ, गणेशोत्सवातले मेळे, नाटकांतली लहान मुलांची कामे, असे ते बालपण. गाणे कोणा उस्तादापुढे बसून शिकलेल्या नव्हत्या. ऐकत गेल्या आणि गात गेल्या. घरात वत्सलाबाई कुमठेकरांच्या लावणीची तबकडी होती. ती लावून ही मुलगी बसे आणि आई रागावे. मुलींनी असली गाणी ऐकू नयेत, हे त्या आईला सांगावे लागत नव्हते; ते तिला ठाऊकच होते. माझ्या आजीच्या आणि त्या आईच्या मध्ये काही पिढ्यांचे अंतर नाही. अंतर आहे ते एवढेच की, आईने जी तबकडी बंद करायला लावली तिच्याच जातीची तबकडी आजी रेडिओचा आवाज वाढवून ऐकत होती. मधल्या काळात हे जे घडले ते बहुतांशी त्या मुलीनेच घडवले.

पण ते लगेच घडले नाही, आणि ती लावणी गाण्यासाठीच जन्माला आली होती अशी कथाही रचू नये. अगदी लहान वयात 'कृष्ण सुदामा' या हिंदी चित्रपटासाठी तिने पार्श्वगायन केले. त्यानंतर कितीतरी वर्षे ती हिंदीतच गात होती. 1951 च्या 'ढोलक' चित्रपटातली श्यामसुंदरांच्या चालीची तिची गाणी आजही जुन्या गाण्यांचे षौकीन काढून ऐकतात. ती मीही ऐकली आहेत. गोड आहेत, आणि त्यांतल्या आवाजात पुढच्या सुलोचनाबाई शोधल्या तर सापडतात. पण शोधाव्या लागतात. 'सुलोचना कदम' हे नाव हिंदीत राहिले असते तर त्या काळातल्या अनेक चांगल्या आवाजांपैकी एक, एवढीच त्याची नोंद झाली असती असे मला वाटते.

पहिली लावणी त्यांनी 'हीच माझी लक्ष्मी' या चित्रपटात गायिली. संगीत वसंत देसाईंचे होते आणि पडद्यावर होत्या हंसा वाडकर. लग्न झाले ते श्यामराव चव्हाणांशी, जे स्वतः चित्रपट काढणारे. लावणीतला शब्द कसा टाकायचा हे आपल्याला पतीने शिकवले, तेच आपले गुरू, असे बाई नेहमी सांगत. एरवी असले वाक्य मी संसारी बायकांच्या तोंडची रीत म्हणून सोडून दिले असते. इथे सोडवत नाही. कारण पुढच्या गाण्यांत जो फरक पडलेला ऐकू येतो तो गळ्याचा नाही, उच्चाराचा आहे. गळा तोच. फेक बदलली.

1962 साली 'रंगल्या रात्री अशा' आला. त्यात वसंत पवारांच्या चालीवर सुलोचनाबाईंनी ती कोल्हापूरच्या लवंगी मिरचीची लावणी म्हटली. गीतकार जगदीश खेबूडकर. चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेले ते पहिले गाणे. खेबूडकर शाळेत मास्तर होते, हे मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत अधूनमधून मुद्दाम सांगत असते. मास्तराने लिहावी आणि ती लावणी असावी, यावर आमचे एक जुने सहकारी अजून विश्वास ठेवीत नाहीत.

हे गाणे पुन्हा ऐकून पाहा. त्याच्या तीन वर्षे आधी, 1959 साली, 'सांगत्ये ऐका'त आशा भोसल्यांनी बुगडीची लावणी म्हटली होती. तो चित्रपट पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला. चाल दोन्हीकडे वसंत पवारांचीच. आशाबाईंच्या गाण्यात एक लाडिक झोका आहे. स्वर जागोजाग वळतो, मुरकतो. ते अभिनयाचे गाणे आहे, आणि आशाबाई अभिनयात कोणाला हार जाणार नाहीत. सुलोचनाबाईंकडे तो झोका नाही. त्या मुरकत नाहीत. 'मिरची' या शब्दातला 'र' आणि 'च' त्या असे चावून म्हणतात की तिखट जिभेला लागावे, आणि मग पुढचा शब्द जणू काही झालेच नाही अशा सुरात साधा टाकतात. एक शब्द चावायचा, पुढचा सोडून द्यायचा. चित्र काढताना एक रेघ दाबून काढावी आणि तिच्या शेजारची हलकी, म्हणजे आकृती उठून येते, तसे. मुलांना हे शिकवायला मला वर्ष लागते.

1964 च्या 'सवाल माझा ऐका'त ती सोळाव्या वर्षाची लावणी आली. दिग्दर्शक अनंत माने, पडद्यावर जयश्री गडकर, चाल पुन्हा वसंत पवारांची. महाराष्ट्रात हे गाणे ठाऊक नसलेले माणूस शोधून काढावे लागेल. या गाण्याचा एक विशेष मला फार उशिरा लक्षात आला. बोलणारी मुलगी सोळाची आहे, पण आवाज सोळाचा नाही. सुलोचनाबाई तेव्हा एकतिसाव्या वर्षात होत्या, आणि त्यांनी आवाज लहान करण्याचा मुळीच प्रयत्न केलेला नाही. भरदार, थोडा खर्जाकडे झुकलेला, चार माणसांचा स्वयंपाक उरकून आलेल्या बाईचा तो आवाज आहे. त्यामुळे गाण्याचा अर्थच पालटतो. सोळा वर्षांची पोर आपल्या वयाची फुशारकी मारते आहे असे न वाटता, ते वर्ष पार करून आलेली बाई मागे वळून हसते आहे असे वाटते. धोका तिने पाहिलेला आहे आणि ती अजून उभी आहे. माझ्या आजीला ते गाणे का आवडत असे याचा उलगडा मला यातून झाला. आजीचे लग्न सोळाच्याही आत झाले होते.

त्याच 1964 सालात जगाच्या दुसऱ्या टोकाला एक गंमत झाली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती मला मोबाईलवर ऐकवली. जमैका नावाच्या बेटावरची मिली स्मॉल ही जेमतेम सतराच्या आसपासची पोरगी लंडनमध्ये 'माय बॉय लॉलीपॉप' हे गाणे गायली आणि ते इंग्लंड-अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. त्या बेटावरच्या संगीताला 'स्का' म्हणतात. त्यात तुताऱ्या-पिपाण्या असतात आणि जोर मुख्य ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मधल्या जागेवर पडतो. आमच्या ढोलकीवाल्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतल्या नाचाचे ते संगीत. तिथल्या प्रतिष्ठितांना त्याचे कौतुक नव्हते. एका पोरीच्या चिरक्या, निरागस आवाजातून ते परदेशातल्या बैठकीच्या खोल्यांत शिरले. मिली 2020 साली गेली. मला त्या गाण्यापेक्षा त्याची वाट अधिक विचार करायला लावते. खालच्या वस्तीचे गाणे वरच्या घरात जाते तेव्हा त्याला एखादा निर्मळ गळा लागतो. उरलेली वस्ती त्या गळ्यामागून आत येत नाही.

आता त्या पायरीवरच्या बाईने वापरलेल्या शब्दाकडे येते. धाप.

फडावरची लावणी ही गळ्याची आणि पायांची मिळून असते. घुंगरांचे ओझे, ढोलकीशी होणारी चढाओढ, समोरच्या शिट्ट्या, आणि या सगळ्यांतून गायचे. श्वास पायांनी आधीच खर्च केलेला असतो. गळ्याला उरेल तेवढ्यावर शब्द म्हणायचा. विठाबाई नारायणगावकरांच्या गाण्याबद्दल जाणकार भरभरून बोलतात, त्यात या धापेचाही वाटा असणार असे मला वाटते. तिथे अक्षर तुटते, पण तुटलेल्या जागी जिवंत बाई दिसते. याच्या दुसऱ्या टोकाला यमुनाबाई वाईकर. त्या बसून, अदाकारी करीत लावणी गात. तिथे श्वास शाबूत असतो, पण शब्दाचे निम्मे काम डोळे आणि हात करतात. एकच ओळ दहा वेळा, दहा अर्थांनी.

सुलोचनाबाईंनी हे दोन्ही सोडले. त्या ध्वनिक्षेपकापुढे उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या. दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, हात जागच्या जागी. डोळ्यांचाही खेळ नाही. या पदराचे आजवर फार कौतुक झाले आहे, आणि मला वाटते चुकीच्या कारणाने झाले आहे. पदरामुळे लावणी सभ्य झाली असे म्हणतात. माझ्या मते ते न हलणे ही आधी गाण्याची युक्ती आहे आणि मग सभ्यतेची. पाय थांबले म्हणून सगळा श्वास शब्दाच्या वाट्याला आला. हात आणि डोळे थांबले म्हणून जे काही सांगायचे ते अक्षरालाच सांगावे लागले. नाचणारीचा ठुमका कमरेत असतो; सुलोचनाबाईंनी तो व्यंजनात आणला. 'मल्हारी मार्तंड' मधल्या जरतारी मोराच्या लावणीत लाडाने साडीच मागितलेली आहे. गीत माडगूळकरांचे आहे. पण त्यांच्या तोंडून ती मागणी दुकानात उभे राहून कापड चिमटीत धरून पाहावे इतकी हाताला लागते. तो मोर पदरावर आधी शब्दांनीच विणला जातो.

याचा उलटा पुरावा आमच्याकडे लग्नसराईत दर आठवड्याला मिळतो. खानदेशातल्या वरातीला बँड लागतो आणि बँडवाले अहिराणी गाण्यांच्या मध्ये या जुन्या लावण्या हमखास वाजवतात. क्लॅरिनेटवर ती सोळाव्या वर्षाची चाल सुरू झाली की पोरे नाचतात हे खरे. पण कान देऊन ऐका. चाल म्हणून ती बरी आहे, बास. जे तिच्यात होते ते क्लॅरिनेटला वाजवता येत नाही, कारण क्लॅरिनेटला 'ळ' म्हणता येत नाही.

आणखी एक युक्ती त्यांची अशी की, द्व्यर्थी शब्दातला दुसरा अर्थ त्या कधीच बोलत नाहीत. आंबा म्हणाल्या तर आंबाच म्हणतात. पिकला आहे, पाडाला आला आहे, सरळ बातमी दिल्यासारखे. दुसरा अर्थ ऐकणाऱ्याला स्वतःच्या मनातून काढावा लागतो. फडावरची बाई डोळ्यांनी तो काढून देते आणि मग बदनामी तिची होते. इथे बाई नामानिराळी आणि चोरी पकडली जाते ती आपली. आजी ऐकताना पदर तोंडाला लावून हसे, ते मला आठवते. ती बाईंना हसत नव्हती. आपण काय समजलो याला हसत होती.

अत्र्यांनी त्यांना 'लावणीसम्राज्ञी' म्हटले आणि ते बिरुद चिकटले. सम्राज्ञीची सगळीच गाणी मात्र सारखी नाहीत. लोकांना हवी म्हणून आणि तबकड्या खपतात म्हणून पुढे ढीगभर लावण्या निघाल्या. त्यांत फळबाजार फार झाला. कवी थकले की आंबा आणतात. चालीही एकमेकींच्या बहिणी वाटू लागल्या. वसंत पवारांची चाल शब्दाला बसायला पाट देते. नंतरच्या कित्येकांनी नुसता वाद्यवृंद वाढवला आणि शब्द त्या गर्दीत उभा राहिला. अशा गाण्यांतही बाईंचा उच्चार चोखच आहे. पण चोख उच्चारलेली सामान्य ओळ जास्तच सामान्य वाटते, हे मला कादंबरीच्या मोठ्याने केलेल्या वाचनांतूनही अनुभवाला आले आहे. त्यांच्या जुन्या दहा-बारा गाण्यांवरून त्यांना जोखावे. कोणाही कलावंताला यापेक्षा जास्त लागत नाही.

आता हिशेबाची दुसरी बाजू. सुलोचनाबाईंचा आवाज घरात आला, त्याच वर्षांत तमाशातली बाई कुठे होती? स्वातंत्र्यानंतर लगोलग मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. पुढे वग तपासून घ्यायच्या अटीवर ती उठली. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते पदक मिळाले, एकदा 1957 साली आणि पुन्हा 1990 साली. भर खेळात कळा आल्या, आडोशाला जाऊन बाळंत झाल्या, आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही त्यांची गोष्ट सर्वश्रुत आहे. 2002 साली त्या गेल्या तेव्हा पैशाअभावी हाल झालेले होते. या बाईला आमच्या आजीने कोणत्या पायरीवर बसवले असते? पदक दाखवले असते तर दुसरीवर, असे फार तर म्हणता येईल.

यात सुलोचनाबाईंचा दोष काढायला माझे मन घेत नाही. त्या फडावरच्या नव्हत्या आणि तसे त्यांनी कधी भासवले नाही. चाळीतली संसारी बाई जशी उभी राहील तशा त्या उभ्या राहिल्या. 'माझं गाणं माझं जगणं' या आत्मकथनाच्या नावातही त्यांनी दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत, एकीखाली दुसरी झाकलेली नाही. मुलगा विजय चव्हाण ढोलकीपटू झाला आणि आईच्या मागे ढोलकीला बसला, यात त्यांच्या घराने त्या कलेला काय मानले ते दिसते. संगीत नाटक अकादमीने 2012 साली गौरवले, पद्मश्री 2022 साली मिळाली, म्हणजे जाण्याच्या अवघे काही महिने आधी. मान उशिरा मिळाले, पण पायरीवर बसून घ्यावे लागले नाहीत. दोष आहे तो ऐकणाऱ्यांचा. आम्ही त्यांच्या उभे राहण्याचा दाखला केला आणि तो दुसऱ्या बायकांना दाखवत सुटलो.

'आम्ही' म्हणून निसटता येणार नाही. हा दाखला मी स्वतः दाखवला आहे.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाची गोष्ट. कार्यक्रम बसवण्याचे काम माझ्याकडे होते. आठवीतली एक मुलगी आली. अंगाने काटक, वर्गात गप्प, चित्रे मात्र धीट काढणारी. तिला लावणी करायची होती, सुलोचनाबाईंचीच, घुंगरू बांधून. घुंगरू घरचे होते. तिची पणजी फडात होती हे गावाला माहीत होते आणि मलाही. मी म्हणाले, "गाणे चांगले निवडलेस. पण नाच नको. उभी राहून म्हण. सुलोचनाबाई कशा म्हणायच्या पाहिलेस ना? पदर घेऊन, शांत." मला वाटले मी किती समजूतदारपणे सांगितले. कोणाला नाही म्हटले नाही, कोणाचे मन मोडले नाही.

ती थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघ ओढत राहिली. मग म्हणाली, "बाई, त्या न हलता म्हणायच्या, ते त्यांना तसं वाटायचं म्हणून. मला कुठे तसं वाटतंय?"

मी उत्तर दिले नाही. घंटा झाली, ती निघून गेली. संमेलनात तिने भाग घेतला नाही. त्या जागी आम्ही एक देशभक्तीपर समूहगीत घातले, ते सगळ्या पालकांना आवडले.

त्या रात्री मी ते सोळाव्या वर्षाचे गाणे लावून बसले. सवयीने शब्द ऐकत होते. मग मुद्दाम शब्द सोडून बाकीचे ऐकले. ढोलकी आहे, आणि तिच्या खाली, अगदी मागे, घुंगरू आहेत. ध्वनिमुद्रणात घुंगरू पायांत बांधत नाहीत, एखादा वादक ते हातात धरून वाजवतो, असे मला एका वाजवणाऱ्याने सांगितले होते. तरी ते तिथे आहेत. बाईंचा शब्द जिथे थांबतो तिथे ते पुढे होतात, पुन्हा शब्द आला की मागे सरतात. एवढी वर्षे मी ते गाणे ऐकत होते आणि त्यांची नोंद माझ्या कानाने घेतली नव्हती.

ती मुलगी आता नववीत आहे. यंदाचे संमेलन डिसेंबरात होईल. दिवाळीच्या सुटीआधी मी तिला बोलावून विचारले. तिने लगेच होकार दिला नाही. कोणते गाणे घ्यायचे ते ती ठरवील, मी नाही, एवढे आधी माझ्याकडून कबूल करून घेतले. तिने जरतारी मोराची लावणी घेतली आहे. नाचताना म्हणायचीही तीच, तबकडी लावायची नाही, हीसुद्धा तिचीच अट. दुसऱ्या कडव्याला तिला धाप लागते आणि शेवटचा शब्द सांडतो. चित्रकलेच्या वर्गातली बाके आम्ही भिंतीला सरकवली आहेत. सुटी संपली की पुन्हा पाचनंतर तालीम.